पाच पायांचा वाघ

चार वर्षांच्या पोरांना अक्षरं शिकवणं म्हणजे पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वर्गभर पोरांच्या हातात एकाच वेळी डिंक देऊन बघावा. कात्रीबाई उभा जन्म तेच करत आल्या. कमरेला नाडीने बांधलेली कात्री सदा लटकत असायची म्हणून कात्रीबाई. खरं नाव सख्ख्या भावालाही आठवून सांगावं लागलं असतं.

त्या राहायच्या या भावाकडेच. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वहिनी तेवढी फटकळ. "वन्सं, माझ्या उशीच्या अभ्र्यात शहामृगाची मान सापडली. बाकीचा देह कुठं पुरलाय?"

"मान जपून ठेवा, उद्या 'श' आहे," बाई शांतपणे सांगायच्या.

'म' मासा आणि 'ह' हत्ती हे कुणीही घोकून घेतं. बाई अक्षरातूनच जनावर काढायच्या. पुठ्ठ्याचा 'व' कापायचा. त्याचं गोल पोट ते वाघाचं पोट, उभी दांडी ती ताठ शेपटी. डोकं, पाय, मिशा चिकटवल्या की वाघ तयार. 'ण'ने एकही जनावर सुरू होत नाही याचा त्यांना मनापासून राग होता. शेवटी हरणाच्या शेपटाला 'ण' बांधून त्यांनी भागवलं. 'ढ'चा ढेकूण पालकांना आवडत नसे, पोरं मात्र त्याच्यावर जाम खूष.

आता पोरं जनावरं करायची म्हणजे काय करायची, तर वाट लावायची. सशाचा एक कान पोटाला, माशाचा डोळा शेपटीत, डिंक केसांत. तरी वर्गातल्या दोरीवर चिमट्यांनी लटकणारी जनावरं बघावीत तर एकजात देखणी! गोम तिथेच होती. सुरुवातीच्या एका वर्षी पालक बघायला आले आणि एका मुलीच्या बिनसोंडेच्या हत्तीला हसले. "हा हत्ती की बटाटा?" तिचाच बाप म्हणाला. मुलगी टेबलाखाली शिरली ती निघेना. तेव्हापासून शाळा सुटली की बाई एकट्या बसायच्या आणि सगळ्यांची जनावरं नीट करायच्या. चिकटलेलं सोडवायचं, वाकडं गेलेलं नव्याने कापायचं, जुनं टोपलीत टाकायचं. सकाळी पोरं त्या देखण्या सशाकडे आपलाच म्हणून बघायची, आयांचा ऊर भरून यायचा, मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई शाबासकी द्यायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. दयेपोटी केलेलं काम होतं ते, आणि दयेपोटी केलेल्या कामाची तपासणी कुणी करत नाही.

मग एका वर्षी वर्गात भोंगा आला. घरात, दारात सगळे त्याला भोंगाच म्हणायचे, कारण हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं. बाप कामासाठी दूर, वर्षातून एकदोनदा यायचा. आई लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची. भोंग्याच्या बातम्या सकाळपासून सुरू व्हायच्या. "बाई, आमच्या नळाला ताप आलाय! गरम पाणी येतंय!"

"हो का? बस खाली."

'व'च्या दिवशी भोंग्याने वाघाला पाच पाय लावले. शाळा सुटल्यावर बाईंनी पाचवा काढला, डोकं बदललं, पट्टे नव्याने कापले, आणि 'व'सुद्धा डिंकाने भिजून वाकला होता म्हणून दुसरा घेतला. सरळ सांगायचं तर त्या वाघात भोंग्याचं काहीही उरलं नाही.

तो वाघ त्याने पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. ताप आला, तो डोक्यात गेला म्हणाले, आणि आठवडा संपायच्या आत इस्पितळात पोर गेलं.

वर्गात एका मुलीने विचारलं, "भोंगा मेला ना, मग परत कधी येणार?" मोठ्या बाई कानाशी लागून म्हणाल्या, "तो वाघ तेवढा काढा हो दोरीवरून." बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काही दिवसांनी, मुलं घरी गेल्यावर, भोंग्याची आई दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटल्यावरही चपला काढून पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या.

"बाई, त्याचं काही आहे का हो इथं? घरी कपडे आहेत, बूट आहेत. पण ते सगळं दुकानातलं. त्याच्या हातचं घरात काही नाही."

बाईंनी चिमटा काढला आणि वाघ तिच्या हातावर ठेवला. दुसरं काय करणार होत्या?

"अगं बाई! किती सुबक," ती म्हणाली. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "याने केला? घरी तर एक वस्तू सरळ ठेवायचा नाही." हसली, आणि हसता हसता बोट पायांवर आलं. "चारच?"

बाई हातातला चिमटा परत दोरीला लावायला लागल्या.

"नाही, त्या दिवशी घरात शिरला तोच ओरडत. माझ्या वाघाला पाच पाय! मी म्हटलं, अरे शहाण्या, वाघाला चार असतात. तर म्हणे, माझ्याला पाच. का रे बाबा? तर म्हणे, तुला नाही सांगणार, बाईंना सांगितलंय." तिने वाघ उलटा करून पाहिला. "एक गळून पडला असेल."

आणि ती खाली बसली. बाकांखाली हात घातला, कपाटाखाली घातला, गालाला फरशी टेकवून आत बघायला लागली. धुळीतून एक नारिंगी कपटा निघाला. "हा का?"

"ती बदकाची चोच आहे."

"मग पलीकडे असेल." ती रांगत पलीकडे गेली.

बाईंना वाटलं, थोडं थांबलं तर ही दमून उठेल, पडला असेल कुठेतरी म्हणेल आणि चार पायांचा वाघ घेऊन जाईल. सगळंच नीट होईल. पण ती उठेना. कोपऱ्यातली रंगांची पेटी सरकवायला लागली तेव्हा बाईंना राहवलं नाही.

"उठा. पडला नाहीये. मी काढला."

"का?"

"वाघाला चार असतात म्हणून." मग बाईंनी उरलेलंही सांगून टाकलं. डोकं, पट्टे, 'व'. एकदा सुरुवात केल्यावर मध्येच थांबायची त्यांना सवय नव्हती.

"मग त्याचा कुठाय?"

"टोपलीत टाकला होता. ती रोज रिकामी होते."

"आणि मासा? ससा केला होता म्हणाला."

"सगळे मीच."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीशी आले. बराच वेळ त्या वाघाकडे बघत राहिली, दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तशी.

"बरं," ती म्हणाली. "पाच का, ते तरी सांगा. ते तुम्हाला सांगितलंय."

बाईंना त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. पाचवा पाय बाकीच्यांपेक्षा गडद होता, कारण पिवळा कागद संपला होता. तो दोन पायांच्या मध्ये घुसवलेला होता. भोंग्याच्या हनुवटीला डिंक होता, त्यावर एक मिशी चिकटली होती. तो बाईंची बाही ओढत होता आणि सांगत होता, चांगलं लांबलचक काहीतरी सांगत होता. बाई दुसऱ्याच कुणाचा वाघ धरून बसल्या होत्या. "हो हो, छान. बस खाली," त्या म्हणाल्या होत्या. तो काय म्हणाला, ते मात्र नव्हतं. कानापर्यंत आलं होतं, पुढे गेलंच नव्हतं.

एखादं गोड कारण रचणं बाईंना जड नव्हतं. एक पाय दुखला तर जास्तीचा असावा म्हणून. जिभेच्या टोकावर आलंही. ती बिचारी ते घरी घेऊन गेली असती आणि जन्मभर जपलं असतं. पण समोरच्या वाघाकडे बघून बाईंनी ते गिळलं.

"सांगितलं होतं त्याने. मी ऐकलं नाही."

"तो तर केवढ्यानं बोलायचा!"

"हो."

"तुम्ही काय करत होतात?"

"मिशा नीट करत होते. दुसऱ्या कुणाच्या तरी."

आईने वाघ टेबलावर ठेवला, उपडा नाही, नीट सरळ. चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "कधी आठवलं तर सांगाल? मी लाँड्रीतच असते."

"सांगेन."

घरी जाताना लाँड्री वाटेतच लागते. पलीकडच्या गल्लीतून जाता येतं, पण बाईंनी रस्ता बदललेला नाही. काचेमागे आई चादरीची दोन टोकं जुळवत उभी असते. बाई दिसल्या की मान वर करते. बाई मान हलवतात, नाही म्हणून. मग ती पुन्हा खाली बघते आणि घडी पुरी करते.