मनोऱ्याखाली उभा राहिलेला माणूस

व्हिएन्नात मी माझ्या बायकोला तीन रविवार बाकावर बसवून ठेवलं. ही चूक माझी, एकट्याची. काळच तसा होता, असं म्हणून मला सोडून देणारे लोक भेटतात. ती सवलत मला नको.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मी यंत्रांच्या देखभालीवर होतो. आमची यंत्रं ऑस्ट्रियातून यायची, म्हणून कंपनीने मला सहा महिने शिकायला तिकडे पाठवलं. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला सोडून जाववेना, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून दोघींनाही सोबत न्यायची परवानगी काढली. बायको निघोज्याची, शेतकऱ्याच्या घरातली. नऊवारी नेसायची, आणि बोटीवरसुद्धा मुलीच्या गालावर काजळाची तीट लावायला विसरली नाही.

आमच्या घरमालकिणीने तिच्या नातवाची जुनी बाबागाडी आम्हाला वापरायला दिली. मला फार बरं वाटलं. मुलगी गाडीत असली की आपण चारचौघांसारखे दिसू, असा माझा हिशेब. पण तिथले जुने रस्ते दगडी. गाडी खडखडायची, पोर रडायची आणि राजवाडा असो की चित्रसंग्रहालय, दाराशी पायऱ्या असायच्याच. मग मी बायकोला म्हणायचो, तू बस हिला घेऊन, मी पटकन पाहून येतो. कारण म्हणून पोरीचं रडणं पुढे करायचो. खरं कारण लुगडं होतं. माझ्यासोबत शिकायला आलेले दोघे मद्रासकडचे इंजिनियर तिथे भेटायचे, आणि त्यांच्यासमोर मला तिची लाज वाटायची.

चौथ्या रविवारी आम्ही शहराच्या मध्यावरच्या मोठ्या चर्चपाशी गेलो. त्याच्या मनोऱ्यावर चढता येतं, गोल जिना, तीनशेच्या वर पायऱ्या. ते दोघे तिकिटाच्या खिडकीपाशी उभे होतेच. मी सवयीने बाक शोधू लागलो. बायकोने गाडीतून मुलीला उचललं, खाली अंथरलेलं जुनं लुगडं ओढून काढलं आणि भर चौकात पोरीला पाठीशी घट्ट बांधलं. खुरपणीला निघालेल्या बाया बांधतात तसं. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. मी दबक्या आवाजात म्हणालो, लोक बघतायत.

"बघू द्या की. मी बी बघायलाच आली हाय," ती म्हणाली. "बाकं आमच्या निघोज्यात बी हायती. तुमाला लाज वाटत आसंल तर हितंच थांबा, ती गाडी धरा. आमी मायलेकी वर जाऊन येतो."

खिडकीतल्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पाठीवरच्या पोरीकडे पाहिलं आणि तिकीट फाडून दिलं. ते दोघे इंजिनियर बाजूला सरले, तिला वाट दिली. मी मात्र जागचा हललो नाही. रिकामी गाडी धरून तासभर खाली उभा राहिलो.

ती उतरली तेव्हा घामाने भिजली होती आणि मुलगी पाठीवर झोपली होती. ती सांगत सुटली. खाली चर्चचं छप्पर दिसतं, ते रंगीत कौलांचं, गोधडीवानी. नदी लांब आहे, डोंगर त्याहून लांब. मी काही विचारलं नाही, पण ऐकलं सगळं.

यापुढचं सांगायला जड जातं. परत आल्यावर जो भेटेल त्याला मी तो मनोरा सांगू लागलो. मी चढलो, मी पाहिलं, गोधडीसारखं छप्पर. कारखान्यात लोक म्हणायचे, राव, काय डोळा आहे तुमचा! चार वर्षं मी तिचे शब्द स्वतःचे म्हणून वापरले. बायकोच्या देखतही वापरले. ती उठून आत जायची, एवढंच.

मग एका हिवाळ्यात निघोज्याला सासुरवाडीच्यांनी हुरड्याला बोलावलं. आगटीभोवती वीसेक माणसं बसली होती. मला आग्रह झाला आणि मी पुन्हा मनोरा सुरू केला. छपरापर्यंत आलो तेव्हा धाकटा मेव्हणा हसत म्हणाला, "दाजी, तुमी गेला वर. आन आमची आक्का? तिला खाली बसवली आसंल पोरगी धरून. तिला त्यातलं काय कळतंय?"

सगळे हसले. बायको गरम कणसं चोळत होती. तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. मुलगी तिला टेकून बसली होती, आणि मामाचं बोलणं खरं मानून तीही हसली. ते हसणं मला सहन झालं नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी वर गेलोच नव्हतो. पोरीला पाठीशी बांधून ही चढली. हिच्या लुगड्याची लाज वाटत होती म्हणून मी खाली गाडी धरून उभा राहिलो. ते छप्पर हिनं पाहिलंय. आजवर जे सांगितलं ते हिचं होतं."

मेव्हणा म्हणाला, "जाऊ द्या दाजी, बायकोम्होरं कुणी आसं बोलतं व्हय?"

"मी बोलतोय," मी म्हणालो, आणि तिच्याकडे वळलो. "तुला मी बाकावर बसवलं, आणि मग तुझं पाहिलेलंही चोरलं. माझं चुकलं. मला माफ कर."