कान न लावलेले कप

बकुळाचे कप कुठल्या कुठल्या घरांत जाऊन बसले, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. ती बनवायची, बस. बाकी सगळा खटाटोप तिच्या नवऱ्याचा, सुगतचा. फोटो तो काढायचा, फोन त्याचा, आणि फोटोखाली लिहिलेले शब्दही त्याचेच. नाव तेवढं तिचं. ‘आज चाकावर बसले, माती अगदी शहाण्यासारखी वागली,’ असं सुगत काल्हेरच्या गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहायचा आणि तिकडे लोक ‘बकुळाताई, किती छान लिहिता हो’ म्हणत बदामांवर बदाम पाठवायचे. घरी येऊन तो तिला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, “मी असं कवा बोलली? काय पन लिवता तुमी!” आणि पदर तोंडाला लावून हसायची.

पडघ्याच्या पलीकडच्या गावातली ही जोडी. बकुळा ठाण्याला एका बाईंच्या मातीकामाच्या वर्गात झाडलोटीला जायची. एकदा उरलेल्या मातीचा गोळा तिने चाकावर ठेवला, आणि बाईंनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला तो कायमचाच. पुढे एक जुनी विजेची भट्टी मिळाली, ती मागच्या पडवीत बसली. सुगत गोडाऊनमध्ये पॅकिंगला, त्यामुळे माल वाटेत फुटेल कसला! त्याने बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं असतं तरी आतला कप ढिम्म हलला नसता.

फोनवर ‘मातीवाले’ नावाचा एक गट होता. पुणे, सावंतवाडी, बडोदा, कुठकुठची मातीकाम करणारी माणसं त्यात. कुणाचा रंग भट्टीत फसला, कुणाच्या ताटाला चीर गेली, सगळं रडगाणं तिथे गायचं आणि उपायही तिथेच मिळायचा. दिवाळीआधी सगळे मिळून फोनवरच बाजार मांडायचे. फोटो पडला की जो आधी ‘माझा’ लिहील त्याचा तो नग. बकुळाच्या कपांवर तर लोक तुटून पडायचे. यंदा कप व्हायच्या आधीच मागण्या येऊन पडल्या होत्या.

नेमका तेव्हाच तिला ताप भरला. चाकावरून उतरवलेले कप पडवीतल्या फळीवर ओळीने ठेवलेले, कान लावायचे तेवढे राहिलेले. कान लावायचा तर कप ओलसर हवा, सुकलेल्या कपाला कान धरत नाही, गळून पडतो. रिक्षात बसताना अंग फणफणत होतं, तरी हिचा जीव कपांत. म्हणाली, “अवं, कप सुकू देऊ नका. पानी मारा, वरनं प्लास्टिक टाका. मी आली का कान लावते.”

ती आलीच नाही. ठाण्याच्या इस्पितळातून तिला आणलं ते झाकून. गावाने तिला पोचवलं, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले. आणि सुगत पडवीत जाऊन कपांवर पाणी मारू लागला. रोज सकाळी ड्युटीला निघण्याआधी प्लास्टिक उचलायचं, बाटलीने फवारा मारायचा, ओलं फडकं टाकायचं, परत झाकायचं. आई गं, काय सांगावं! कपांवर बकुळाच्या बोटांचे वळसे तसेच ओले होते, जणू ती आत्ता उठून चहा टाकायला आत गेली आहे. गटावर कुणी विचारलं, ताई, कान लागले का, की हा पठ्ठ्या लिहायचा, ‘अजून मनासारखी माती झाली नाही, थोडं थांबा ना.’ तिच्या नावाने लिहायची सवयच होती त्याला. आपण खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही येत नसे.

दिवाळी आली नि गेली. बकुळाचा एकही कप बाजारात आला नाही. मग गटातली नेत्रा, डोंबिवलीची, एक दिवस पत्ता शोधत थेट दारात आली. “ताई फोन उचलत नाहीत, म्हटलं बरं नाही की काय,” असं बोलत आत शिरली, तर समोर हार घातलेला फोटो.

“दादा, अहो, परवाच तर ताईंनी मला रंगाबद्दल लिहिलं होतं!”

“ते मी लिवलं,” सुगत म्हणाला. “आधीचं पन समदं मीच लिवायचो.”

नेत्रा रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. शेवटी पडवीत जाऊन तिने प्लास्टिक उचललं. “दादा, बुरशी धरलीय यांना. बुडं मऊ पडलीत. असेच ओले ठेवलेत तर बसतील सगळे. मी लावू का कान? अगदी ताईंसारखे लावीन.”

“न्हाय!” तो ओरडलाच. “तिच्या कपाला दुसऱ्याचा हात न्हाय लागायचा.”

“बरं, मग बिनकानाचेच सुकू द्या. रविवारी येते मी, भट्टी लावू. एकदा भाजले की ताईंची बोटं त्यांच्यावर कायमची राहतील. विकू नका, घरात ठेवा. पण आता पाण्याचा थेंब नाही हं, दादा. सुकलेल्या मातीला पाणी लागलं की ती विरघळते. तुम्हाला काय सांगायचं!”

त्याला ते माहीत होतं. त्याने मान हलवली आणि प्लास्टिकची घडी घालून ठेवली.

नेत्राच्याच आग्रहावरून शुक्रवारी त्याने लिहिलं, ‘मी सुगत. बकुळा गेली. पावसाळ्यातच गेली.’ फोन थांबेचना. ताईंचं लिहिणं वाचून आमचा दिवस सुरू व्हायचा. ताई किती मिश्कील होत्या. ताईंचा एकेक शब्द जपून ठेवलाय. सुगत वाचत गेला. अरे, ही माणसं रडतायत कुणासाठी? ते शब्द तर त्याचे होते! बकुळा दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी बाई. ती यांना कधी भेटलीच नव्हती. तिची म्हणून जी काही खूण उरली होती, ती पडवीतल्या फळीवर.

शनिवारी त्याची पहिली शिफ्ट होती. निघताना तो पडवीत गेला. कप पांढुरके पडले होते, आकसून लहानही झाले होते. त्याला ते बघवेना. त्याने बाटली उचलली. सवयीने उचलली की जाणूनबुजून, ते आजही त्याला सांगता येत नाही. बाटली रिकामी होईपर्यंत त्याने पाणी मारलं, फडकं चांगलं भिजवून वर पसरलं, प्लास्टिक ओढलं आणि गाडीला किक मारली. त्या दिवशी खोकी बांधताना त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

संध्याकाळी येऊन त्याने फडकं उचललं. कडा फाटून आत पडल्या होत्या, बुडं पसरली होती. फळीवर कप नव्हते, चिखल होता.

रविवारी नेत्रा आली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. तिने फळीकडे पाहिलं. मग मातीवाले एकमेकांना जे सांगतात तेच ती चाचरत बोलली, “दादा, माती वाया जात नाही हो. सुकवून, मळून पुन्हा...”

सुगतने चिखलात हात घातला, ओंजळ भरली आणि तिच्यापुढे धरली.

“माती हाय ना,” तो म्हणाला. “बोटं गेली तिची.”