सड्यावरचे सात कंद

रत्नागिरीला जातोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी लगेच गणपतीपुळ्याचा प्रसाद आणायला सांगितला. एक वीतभर उंचीचं पांढरं फूल अजून जिवंत आहे का, एवढंच बघायला आम्ही निघालोय, हे त्यांना कोण सांगणार? माझी बायको सुनंदा वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. मी बँकेतला माणूस, झाडांतलं मला फार तर कढीपत्ता ओळखता येतो.

आमचं लग्न झालं त्या वर्षी सुनंदाने पीएचडीसाठी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, या फुलाचे सात कंद खणून आणले होते. मुळांच्या कोवळ्या टोकांतली गुणसूत्रं मोजायची होती. हे फूल आपल्या नातेवाइकांपासून वेगळं कधी आणि कसं झालं, याच्या संशोधनात पुढे तिची सगळी नोकरी सरली. नाव झालं, विद्यार्थी घडले. पण ते कंद पुढच्या उन्हाळ्यात घरच्या कुंड्यांतच कुजले. सड्यावर त्या दिवशी तिला दिसले होते तेवढेच सात. "सगळेच उचलायला नको होते हो," हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकत आलोय. ऐकताना मान खाली घालतो, कारण त्यात माझाही हात आहे आणि ते मी कधी सांगितलेलं नव्हतं.

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली. आंबा घाटात धुकं इतकं, की ड्रायव्हरने दिवे लावले. साधारण चार तासांत रत्नागिरी. तुम्ही जाणार असाल तर बाजारातून खाचांच्या तळव्याचे रबरी बूट आधी घ्या; शेवाळलेल्या कातळावर माझ्या भारी बुटांनी मला दोनदा आडवा केला. राहिलो सड्याखालच्या गावातल्या शेवंताबाईंकडे. साठीच्या असतील, मुलगे मुंबईला, घरात त्या आणि चार म्हशी. दोघांचं राहणं-जेवण धरून दिवसाला दोन हजार. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, वर आग्रह. श्रावण असल्यामुळे माशांचं नाव काढायची सोय नव्हती. ते दुःख मी पिठल्यावर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या जागी गेलो. तिथे आता दगड रचून केलेलं कुंपण, म्हणजे गडगा, होता आणि आत बाहेरून माती आणून लावलेली हापूसची कलमं. सुनंदा फाटकाला हात लावून आतली कलमं बघत राहिली. मग म्हणाली, "आंबा चांगला येत असेल." तिचा आवाज मला ओळखता येतो. मला फार वाईट वाटलं.

परत आल्यावर शेवंताबाईंनी विचारलं, "काय शोधताव वो बाई एवढ्या पावसात?" सुनंदाने वहीत फूल काढून दाखवलं.

"ही व्हय! ही हायत की वरच्या अंगाला. गुरं तोंड नाय लावत हिला, म्हणून माझ्या ध्यानात. चला, दाखवते."

त्यांच्या म्हशींमागून तासभर चढून गेलो. एका खळग्याच्या कडेला, बोटभर मातीत, ती पांढरी फुलं उभी होती. सुनंदा ओल्या कातळावरच बसली आणि मोजायला लागली. चाळीसपर्यंत मोजलं, मग चष्मा पुसत राहिली. एकालाही हात लावला नाही. मला मात्र आता राहवेना.

"सुनंदा, त्या उन्हाळ्यात तू पेपर तपासायला गेली होतीस ना, तेव्हा कुंड्यांना रोज पाणी घालत होतो मी. सुकल्यासारख्या दिसत होत्या. हे कंद उन्हाळ्यात कोरडेच झोपतात, हे पुढे तुझ्याच भाषणात कळलं."

"माहीत आहे मला. कुंड्यांखालच्या ताटल्या भरलेल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या मायेने घातलं होतंत. काय बोलणार?"

शेवंताबाई म्हशींकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला जाऊन प्रसाद घेतला, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चहा प्यायलो. गावाचं आणि फुलाचं नाव मात्र विचारू नका. फोटोही टाकणार नाही. सुनंदाची तशी ताकीद आहे, आणि मला पटलीय.

घरी आल्यावर तिने माळ्यावरून त्या काळची वही काढली. मेलेल्या प्रत्येक रोपापुढे कारण लिहिलेलं. एका पानावर होतं: 'कंद सात. कुजले. कारण: माझा निष्काळजीपणा.' उभ्या आयुष्यात या बाईने एकच खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी. मी खोडरबर शोधायला लागलो.

"नोंद खोडायची नसते," ती म्हणाली. "खाली दुरुस्ती लिहायची आणि सही करायची."

मी पेन्सिलीने लिहिलं, 'पाणी मी घातलं होतं,' आणि खाली सही केली. तिने चष्मा लावून वाचलं.

"बँकेत जन्म गेला तुमचा," ती म्हणाली, "आणि तारीख राहिली."