पालथी नाव
शेजारच्या घरी आज दाराला तेलरंग देत आहेत. तो वास आला आणि मला धरणाचा काठ आठवला. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमची मासेमारीची नाव दगडांवर पालथी घातली होती. एका बाजूला बसून माझे मालक रोलर फिरवत होते, दुसऱ्या बाजूला मी. नाव विकून ते पुण्याला कामाला जाणार होते. घरच्या नावेला रंगाचे दोन हात देतात, पण ही विकायची म्हणून एकच द्यायचा होता. सासूबाई पळसाखाली जाळं विणत होत्या. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि एरवीही माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पण मधे नाव होती, मालकांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता ओल्या रोलरचा चिकट आवाज येत होता. मी हळूच म्हटलं, "नाव इकू नका जी." पलीकडचा रोलर थांबला. "काहून?" "तिकडं तुम्हाले पाण्याबिगर करमणार नाही. अन् मले तुमच्याबिगर." पलीकडचा रोलर पुन्हा फिरू लागला. पळसाखालून सासूबाईच म्हणाल्या, "रंग देऊन राह्यले का लग्न लावून राह्यले? मधात अंतरपाट धरल्यावानी बसले दोघं." मी लाजून पदर पुढे ओढला, तर त्यालाही रंग लागला. संध्याकाळी डबा रिकामा झाल्यावर ते आईला म्हणाले, "उद्या ढाणकीहून आणखी एक डबा आणतो. दुसरा हात द्याचा हाय." आता दर वर्षी आम्ही दोघंच नाव रंगवतो, आणि त्यांच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते मी त्या दिवसापर्यंत राखून ठेवते.