पाडायचा हक्क

आमच्या घरात विमानाला इस्त्री मी करायचे. हसू नका, खरंच सांगते. रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा सांगाडा हलक्या लाकडाचा असतो, त्यावर रंगीत प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढवतात आणि इस्त्री फिरवून ताणून बसवतात. माझा मुलगा ते करायचा तेव्हा पंखांवर सुरकुत्या राहायच्या. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या गाळ्यात मी आयुष्यभर ब्लाउज शिवले. मला सुरकुती बघवत नाही. एक दिवस त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली, आणि तेव्हापासून सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरातून त्याचं प्रत्येक विमान माझ्या हातून नटून बाहेर पडायला लागलं.

मग एका रविवारी मी म्हटलं, "नटवायचं मी आणि उडवायचं तू, हे काही बरोबर नाही. मला शिकव."

तो हसला. सून म्हणाली, "शिकव ना, हसतोस काय?" तिचे उपकार मी विसरणार नाही.

उडवायची जागा म्हणजे भाईंदरच्या मिठागरांतला एक सपाट तुकडा. तिथे आता मीठ पिकत नाही. तो तुकडा माझ्या चुलतभावाचा, म्हणजे माझ्या माहेरचाच. रविवारी सकाळी मुलगा आणि त्याचे तीन-चार मित्र तिथे जमतात. त्यांच्यात सगळ्यात मोठे बेव्हर्ली पार्कचे एक शेठ, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. वयानेही मोठे आणि विमानंही त्यांचीच मोठी. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाला बाजूला घेतलं. "मम्मी को बोलो, सीधा-सीधा उडाए. ये उल्टा-पुल्टा इस उमर में नहीं होता."

मला ऐकू आलं. कान अजून शाबूत आहेत. बांधावर बसलेल्या माझ्या भावालाही ऐकू गेलं. तो तिथूनच ओरडला, "जागा आमची हाय, बाय आमची हाय. तुमचा काय न्हाय!"

शेठ आपल्या विमानाकडे वळले. पण माझ्या मनात त्यांचं ते वाक्य रुतून बसलं ते बसलंच. पुढे मी सरळ उडवायला शिकले, वळवायला शिकले, उतरवायला शिकले, हवेत गोल गिरकी घ्यायला शिकले. तरी मला हवं होतं ते उलटंच. विमान पाठीवर झोपवून, मैदानावरून कमी उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. मुलाने विचारलं, "आई, उलटंच का?" म्हटलं, "नाही होणार असं ते उलट्याबद्दलच म्हणाले ना, म्हणून."

त्यात अवघड काय ते सांगते. विमान सरळ असताना रिमोटची दांडी आपल्याकडे ओढली की ते वर जातं. उलटं असलं की हिशेब फिरतो. ओढलं तर ते जमिनीत शिरतं. वर न्यायचं असेल तर दांडी पुढे ढकलावी लागते. डोक्याला हे लगेच पटतं, हाताला पटत नाही. विमान खाली येताना दिसलं की हात ओढायलाच धावतो. आणि शिकणाऱ्याचं विमान पडू नये म्हणून दोन रिमोट एकमेकांना जोडलेले असतात, एक माझ्याकडे, एक मुलाकडे. त्याने बटण दाबून धरलं आहे तोवर विमान माझं. बोट सोडलं की त्याचं.

उलटं न्यायचं ठरवलं त्या रविवारी हवा शांत होती. मी विमान उलटं केलं, मैदानावर आणलं, आणि अर्ध्या वाटेत त्याचं नाक खाली झुकायला लागलं. मी घाबरले. हाताने घात केला, दांडी ओढली. विमान आता गेलंच असं वाटलं. पण ते अलगद वर उचललं गेलं आणि मैदान ओलांडून पार झालं. टाळ्या पडल्या. शेठनीसुद्धा वाजवल्या. "वाह मम्मीजी, कमाल कर दिया!"

मी हसले नाही. मी ओढलं होतं, आणि विमान वर गेलं होतं. म्हणजे ते माझ्या हातात नव्हतंच. त्या टाळ्या मला गालावर बसल्यासारख्या वाटल्या.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी विचारलं, "बोट सोडलंस ना?"

"कुठे? छे गं."

"मी दांडी ओढली होती. विमान माझ्याकडे असतं तर आत्ता मातीतून तुकडे वेचत बसलो असतो आपण. खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "अगं, पडलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे ना! वाईट वाटायचं वयसुद्धा गेलं का माझं?"

त्याचे बाबा गेल्यापासून हा असाच वागतोय. डॉक्टर मला विचारतात कुठे दुखतंय, उत्तर हा देतो. गॅस याच्या फोनवरून येतो. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरतो, जणू मी वाहून जाणार आहे. भाजीवालाही आता भाव यालाच सांगतो. सगळं प्रेमाने करतो, मला कळतं ते. पण प्रेमाने बांधले म्हणून हात मोकळे होत नाहीत. मी हे सगळं त्या दिवशी त्याला बोलून दाखवलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मध्ये पडली नाही.

"आता तुझं बटण नको. एकच रिमोट, माझा."

"आणि पडलं तर?"

"पडलं तर मी पाडलेलं असेल. मला पाडता येत नसेल तर उडवलं ते माझं कसं?"

पुढच्या रविवारी मी ते पाडलं. अगदी रीतसर पाडलं. उलटं केलं, नाक झुकलं, हात ओढायला धावला आणि विमान बांधापलीकडे जमिनीत गेलं. कड् असा आवाज आला. माझ्याच हाताने इस्त्री केलेला पिवळा पंख दुमडून मोडला. मला रडू आलं. आणि खरं सांगते, रडताना आत कुठेतरी मोठा आनंद होत होता. आज जे झालं ते माझ्या हाताने झालं होतं.

शेठ म्हणाले, "देखा? मैंने बोला था."

"हां, देखा. मैंने गिराया. मैंने."

मुलगा तुकडे गोळा करायला वाकला. त्याला म्हटलं, "तू बस." सगळे तुकडे मीच ओढणीत बांधून आणले. पंख पुन्हा जुळवला, पुन्हा पापुद्रा चढवला. रोज कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याजवळ बंद रिमोट घेऊन उभी राहायचे आणि अंगठ्याला बजावायचे, ओढू नको, ढकल. मुलाच्या लॅपटॉपवर खोटं विमान उडवता येतं, तिथे तर मी विमानांचा खच पाडला. सून म्हणायची, "आई, शेजारी विचारतायत, तुमच्याकडे रोज कोण कोणाला 'ढकल ढकल' म्हणतंय?"

मग परवाचा रविवार आला. वारा समुद्राकडून येत होता, थोडा आडवाच. मुलगा माझ्या मागे उभा राहिला. मी विमान वर नेलं, वळवलं, पाठीवर टाकलं आणि मैदानावर आणलं. वाऱ्याने ते दाबलं गेलं. नाक झुकलं. अंगठ्याला ओढायचंच होतं. मी ढकललं. विमान उचललं गेलं, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोट आकाशाकडे करून गेलं, आणि पार झालं.

टाळ्या पडल्या. शेठ धावत आले, मला ओलांडून मागे गेले आणि मुलाच्या पाठीवर थाप वाजली. "क्या बचाया बेटा! ऐन टाइम पे! मान गए तुझे!"

विमान हवेत होतं, म्हणून मला वळून बघता येईना. अंगाचा तिळपापड झाला. मुलाचा आवाज आला, "अंकल, मैंने कुछ नहीं किया. मेरे पास रिमोट ही नहीं है. मम्मी की पानी की बोतल पकड के खडा हूं."

शेठ हसल्याचं ऐकू आलं. खरं वाटलं नसावं. मी विमान वळवलं, पुन्हा पाठीवर टाकलं, मघापेक्षा खाली आणलं, आणि त्याच्यावरची नजर न हलवता मुलाला म्हटलं, "ती बाटलीपण खाली ठेव. दोन्ही हात वर कर. बघू देत त्यांना."