न विचारता उचललेली खुर्ची

“त्रास कोणाला? मला, का तुम्हाला?” बाई हे इतक्या शांतपणे विचारत की समोरचा माणूस आपल्याच चपलांकडे बघू लागे.

त्या आमच्या पालघरच्या शाळेत गणित शिकवत; मीही तिथेच मास्तर होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. लहानपणी तापात पाय गेलेले, म्हणून सायकलवाल्याकडून लाकडी खुर्ची करून घेतलेली, दोन्ही बाजूंना सायकलची चाकं. पाढा चुकणारा पोरगा दाराकडे बघू लागला की बाई थेट त्याच्या बाकापाशी हजर. “पळतोस कुठं? तुझ्यापेक्षा दोन चाकं जास्त आहेत मला.”

दर थंडीत शाळेची सहल शिरगावच्या समुद्रावर जाई, आणि दर थंडीत हेडमास्तर बाईंपुढे सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा ठेवत. “तुम्हाला वाळूत कशाला त्रास?” बाई आपला प्रश्न विचारत, हेडमास्तर हसत, आणि आम्ही छकड्यांत बसून निघत असू. खरं सांगतो, यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. उलट वाटायचं, किती सांभाळून घेतात बाईंना.

एका वर्षी बाईंनी गठ्ठा कपाटात कोंबला, स्वतःचा छकडा ठरवला आणि आमच्या आधी शिरगावला पोचल्या. कोरड्या वाळूत चाकं रुततात. पण तिथली एक मासे विकणारी मावशी होती, तिची मुलगी बाईंच्या वर्गात. होड्या वर ओढताना खाली ज्या फळ्या घालतात, त्या तिने एकापुढे एक अंथरल्या आणि बाईंना पार पाण्याच्या कडेला नेलं.

“ओहोटीची वाळू हाय, बाय. दगडासारकी. पळवा खुशाल.”

आम्ही पोचलो तेव्हा बाई मुलींशी शर्यत लावत होत्या. अंबाडा सुटलेला, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात चाकांवर. शाळेत इतकी वर्षं बघितलं त्यांना, पण असं हसताना नाही. चार मुलींना मागे टाकून त्या वळल्या आणि पुन्हा निघाल्या.

हेडमास्तरांचा चेहरा पडला. “पडल्याबिडल्या तर जबाबदारी कोणाची?” मग मला आणि ड्रिलमास्तरांना म्हणाले, “उचला.”

आम्ही उचललं. खुर्ची, बाईंसकट. एखादं टेबल हलवावं तसं. “खाली ठेवा,” बाई दोनदा म्हणाल्या. आम्ही ठेवलं ते सुरूच्या सावलीत, कोरड्या वाळूत. चाकं निम्मी रुतली. तिथून त्यांना स्वतःहून हलणं शक्य नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी लगोरी खेळायला गेलो. आज आठवलं की हेडमास्तरांचा राग येतोच, पण त्यांनी नुसतं तोंड हलवलं होतं. हात माझे होते.

दुपारी मी त्यांच्यासाठी बोरं घेऊन गेलो. त्यांनी बघितलंही नाही.

“भरती लागली, सर,” त्या म्हणाल्या. “माझी वाळू गेली पाण्याखाली.”

उन्हाळ्यात बाईंनी नोकरी सोडली. बोईसरला शिकवण्या घेतात असं कानावर आलं. निरोपाच्या सभेत हेडमास्तर म्हणाले, आपल्या शाळेने बाईंना फुलासारखं जपलं. लाज नाही वाटली बोलताना. आणि मी टाळ्या वाजवल्या.

पुढे दोन-तीन वर्षांनी ती मावशी पालघरच्या बाजारात भेटली. सहज विचारलं, बाईंची काही खबर?

“खबर कसली? थंडी पडली का येतात की आमच्याकडं. आमी फळ्या टाकतो. दोन-दोन तास पळवतात खुर्ची.” मग टोपलीवरची फडकी सारखी करत तिने आवाज उतरवला. “पन तुमच्या शाळेतल्या कोनाला सांगू नको म्हनल्यात.”

“का?”

“उचलून नेतात म्हने.” ती माझ्याकडे बघत राहिली. “खरं हाय का वो, मास्तर?”

मी म्हणालो, “हो.”