चारमिनारच्या दारातलं अक्षर

नाणी जमवणाऱ्याकडं नाणी कमी अन् किस्सेच जास्त जमतात. नाणी कपाटात कोंडता येतात, किस्से कुठं कोंडणार? वसमतच्या स्टँडसमोर बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं चहाला बसतो: मी, घड्याळं दुरुस्त करणारे रहीमभाई अन् हळदीचा व्यापारी बाबाराव. तिघांना एकच याड, निजामाचा चांदीचा रुपया!

त्या रुपयावर चारमिनार असतो अन् त्याच्या दारात एक उर्दू अक्षर. बहुतेक रुपयांवर ते अर्धंच उमटलेलं. त्यांना नुसता चांदीचा भाव. पण एखाद्यावर अक्षर पूर्ण निघालं, की त्याच्यासाठी माणसं हैदराबादहून गाडी करून येतात.

*

एका लग्नात नवरदेवाला ओवाळायच्या ताटात रहीमभाईंना असा रुपया दिसला. यांनी तो उचलला, खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं अन् बघतच राहिले. नवरीची आई म्हणाली, "काहो भाई, टाकायला आले का उचलायला?"

"अर्धाच है," म्हणत रहीमभाईंनी तो परत ठेवला!

*

बाबारावाचं गणित हळदीचं. माल दाबायचा, तुटवडा झाला की काढायचा. पूर्ण अक्षराचे रुपये त्यानं तसेच दाबले. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर एका म्हातारीच्या गळ्यात एक दिसला. कडी डाग देऊन बसवलेली, म्हणजे किंमत निम्मी. तरी दुसऱ्याच्या हाती नको म्हणून हा मागे लागला.

"नेऊन काय करशील?" म्हातारी म्हणाली.

"कपाटात ठेवीन."

"मंग माझ्या गळ्यात काय वाईट हाय?"

तरी आणलाच!

*

भाव चढला, खरंच चढला. मग वारंगा फाट्यावर एक माणूस रुपयांनी भरलेलं गाडगं घेऊन आला. जुनी भिंत पाडताना सापडलेलं. सगळे पूर्ण अक्षराचे! बाबाराव पांढराफटक पडला. "हे बाजारात गेले तर माझे मातीमोल होतील," म्हणाला अन् हळदीचा सगळा पैसा ओतून त्यानं ते गाडगंच विकत घेतलं.

*

त्याच साली त्याची बायको, सुमनवहिनी, आजारी पडल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आम्ही म्हणालो, "आता काढ की रुपये!"

"एकदम काढले तर भाव बसंल. येकेक काढून राहिलो न."

येकेक काढले तरी व्यापाऱ्यांना वास लागलाच. "याच्याकडं अजून लई हायेत," म्हणून तेही थांबले. भाव उतरत राहिला अन् हा चढायची वाट बघत राहिला. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, भाव किती झाला की माझा नंबर लागंल, तेवढं त्यांना इचारा."

त्या दिवशी मला बाबारावाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

*

वहिनी गेल्या.

आमच्याकडं सवाष्ण गेली की तिच्या कपाळावर कुंकवात रुपया चिकटवतात. बाबारावानं रडत रडत खिशातून चांदीचा रुपया काढला अन् स्वतःच्या हातानं लावला. चारमिनार वर. बाया पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चांदीचा लावला! लई जीव होता बाई तिच्यावर."

मी पाया पडायला म्हणून वाकलो, पण पायाशी नाही, कपाळाशी. शेजारी रहीमभाईही वाकलेले. त्यांचा हात खिशातल्या भिंगावर गेला अन् तिथंच थांबला. भिंग लागलंच नाही.

अक्षर अर्धं होतं.